यकृतातील मेदाचे वहन आणि स्राव : डॉ. रूप मल्लिक यांच्या संशोधनाचा चिकित्सकीय अभ्यास

प्रस्तावना

नागपुरातील वैद्याच्या हाती आज दोन अहवाल वारंवार येतात. पहिला पोटाच्या सोनोग्राफीचा. त्यावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड एक’ किंवा ‘ग्रेड दोन’ असा शेरा असतो. दुसरा रक्तातील मेदाच्या तपासणीचा. या दोहोंचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. काही रुग्णांत रक्तातील ट्रायग्लिसराइड प्राकृत मर्यादेत असते, पण यकृत मेदाने भरलेले असते. काहींत रक्तातील आकडा वाढलेला असूनही सोनोग्राफी निर्दोष असते. अशा वेळी यातले खरे कोणते मानावे, असा प्रश्न रुग्ण विचारतो आणि चिकित्सकालाही तो पडतो.

मेदाचा विचार करताना त्याची उत्पत्ती, संचय आणि क्षय या तीन अवस्था आपण ध्यानात घेतो. त्या तिन्हींना जोडणारी चौथी क्रिया वहनाची आहे. यकृताच्या प्रत्येक पेशीत मेद एका जागेहून दुसऱ्या जागी नेला जातो, तेथे त्याचे विघटन होते, नव्या रूपात त्याची बांधणी होते आणि मग तो रक्तात सोडला जातो. हे वहन कोण करतो, ते केव्हा वाढते आणि केव्हा मंदावते, याविषयीचे महत्त्वाचे संशोधन आपल्याच राज्यात, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१७ आणि २०१९ साली ते प्रसिद्ध झाले. वैद्यवर्गापुढे हे संशोधन सुगम रीतीने मांडावे आणि त्यातून चिकित्सेत व औषधनिर्मितीत कोणता बोध घेता येतो ते पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, अशी कल्पना एके काळी रूढ होती. विसाव्या शतकाच्या मध्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती मोडीत काढली. पेशीच्या आत पटलांचे जाळे, चपट्या पिशव्यांच्या चळती आणि असंख्य सूक्ष्म पुटिका आहेत, असे दिसून आले. जॉर्ज पॅलेड यांनी गिनीपिगच्या अग्न्याशयाच्या पेशींवर प्रयोग करून स्रावाचा मार्ग निश्चित केला. पेशींना सुमारे तीन मिनिटे किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन नंतर ते थांबवले आणि त्यापासून बनलेली प्रथिने पुढे कोठे जातात याचा माग काढला. ती प्रथम आंतर्द्रव्यजालिकेत, सुमारे वीस मिनिटांनी गॉल्गी संकुलाजवळ आणि दोन तासांच्या सुमारास स्रावकणांत आढळली. या मार्गाच्या शोधाबद्दल पॅलेड यांना १९७४ साली अल्बेर क्लोद आणि क्रिस्तियां द दूव्ह यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

मार्ग कळला, तरी पुटिका नेमक्या स्थळीच का रित्या होतात हा प्रश्न उरला होता. रँडी शेकमन यांनी किण्वपेशींतील जनुकांच्या आधारे, जेम्स रॉथमन यांनी प्रथिने वेगळी करून आणि थॉमस स्यूडॉफ यांनी चेतापेशींच्या अभ्यासातून त्याचे उत्तर शोधले. या तिघांना २०१३ चे नोबेल मिळाले.

याच विषयातील एक धागा मुंबईच्या त्याच संस्थेशी जुळतो. संस्थेतील जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दीकी यांनी अमेरिकन शास्त्रज्ञ सीमूर बेंझर यांच्यासह फळमाशीचे काही उत्परिवर्तित वाण शोधले आणि १९७६ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तापमान वाढताच या माशा निश्चेष्ट होत. त्यांपैकी ‘कोमॅटोज’ नावाच्या वाणातील बिघडलेले जनुक, रॉथमन यांनी अभ्यासलेल्या पुटिका-संयोगाच्या प्रथिनाचेच आहे, असे १९९५ साली निश्चित झाले. पेशीतील वहन अडले की सर्व प्राणी कसा स्तब्ध होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

मार्ग आणि वाहक

पेशीत वस्तू आपोआप तरंगत इच्छित स्थळी पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी मार्ग असतात आणि त्या मार्गांवरून चालणारे वाहक असतात. मार्ग म्हणजे सूक्ष्मनलिका. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे घटक एकमेकांस जोडले जाऊन सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी तयार होते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या नळीची दोन टोके सारखी नसतात, म्हणून तिच्यावर दिशा ठरलेली असते.

वाहक प्रथिनांचे दोन मुख्य कुल येथे विचारात घ्यावयाचे आहेत. कायनेसिन १९८५ साली माकुळाच्या जाड चेतातंतूत सापडले. ते सामान्यतः पेशीच्या परिघाकडे भार नेते. डायनीन उलट दिशेने, म्हणजे केंद्रकाच्या बाजूस, भार नेते. कायनेसिनचे दोन ‘पाय’ सूक्ष्मनलिकेवर आळीपाळीने पडतात. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचे असते आणि त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्ची पडतो. एक कायनेसिन साधारण ५ ते ७ पिकोन्यूटन इतके बल लावू शकते. हे बल मोजण्यासाठी लेझर किरणांनी एखादा सूक्ष्म कण धरून ठेवणारे ‘प्रकाशचिमटा’ नावाचे साधन वापरतात.

डॉ. मल्लिक मूळचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक, त्यांची पीएच. डी. टाटा संस्थेतीलच. पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील प्रयोगशाळेत ते डायनीनकडे वळले. भार वाढला की डायनीन आपले पाऊल आखूड करते, जणू चढावर वाहनाचा गिअर बदलावा, असे त्यांनी सहकाऱ्यांसह २००४ साली ‘नेचर’मध्ये दाखवले. मुंबईस परतल्यावर त्यांच्या गटाने जिवंत पेशीतील वाहकांचे सामूहिक बल मोजले. २०१३ साली ‘सेल’ या नियतकालिकात त्यांनी असे प्रतिपादन केले की एकेकटे डायनीन दुर्बळ असले तरी अनेक डायनीन मिळून भार वाटून घेतात, ओढ वाढली असता पकड सोडत नाहीत आणि त्यामुळे मोठा भार खेचू शकतात. डॉ. मल्लिक यांना २०१४ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक आणि २०१८ चे इन्फोसिस पारितोषिक मिळाले. पुढे ते पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अध्यापक झाले.

कळलावीचे उदाहरण

सूक्ष्मनलिका ही कल्पना वैद्यास परकी वाटण्याचे कारण नाही, कारण तिच्यावर आघात करणारे एक द्रव्य आपल्या उपविषवर्गात आहे. लांगली, अर्थात कळलावी, पावसाळ्यात विदर्भातील जंगलांच्या कडेस आणि कुंपणांवर फुलते. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. सुरंजान या नावाने परिचित असलेल्या द्रव्यातही तेच असते. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटून बसते व सूक्ष्मनलिकेची बांधणी रोखते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे वेगळी करणारी तर्कूही सूक्ष्मनलिकांचीच असल्याने विभाजन खुंटते. म्हणूनच कळलावीच्या विषबाधेत प्रथम आतड्याच्या आवरणाची हानी होऊन वमन-अतिसार होतात, मागाहून अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती घटते आणि रुग्ण वाचल्यास केस गळतात. दुसरा परिणाम प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या यकृतावर केलेल्या प्रयोगांत कोल्चिसिन दिले असता यकृतातून मेदप्रथिनांचा रक्तात होणारा स्राव घटला. मेद व प्रथिने तयार होत होती, परंतु बाहेर पडत नव्हती. निर्मिती आणि स्राव या दोन भिन्न क्रिया आहेत आणि त्यांच्या मधल्या वहनाचा मार्ग तुटू शकतो, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण होते. मात्र त्या मार्गावर मेद कोण ओढतो आणि आहाराशी त्याचा काय संबंध, हे त्यातून कळत नव्हते.

यकृतातील मेदबिंदूंचे संशोधन

यकृतपेशीत मेद सुट्या थेंबांच्या रूपाने साठतो. या थेंबांना आपण मेदबिंदू म्हणू. त्यांच्या गाभ्यात मुख्यतः ट्रायग्लिसराइड असते आणि भोवती फॉस्फोलिपिडांचा एकपदरी थर असतो. त्यातील मेद रक्तात जायचा तर तो तसाच बाहेर पडत नाही. प्रथम त्याचे विघटन व्हावे लागते, मग आंतर्द्रव्यजालिकेत एपोबी नावाच्या प्रथिनाबरोबर त्याची पुन्हा बांधणी होते आणि व्हीएलडीएल हा कण तयार होतो. हा कणच रक्तात स्रवतो.

डॉ. मल्लिक यांच्या गटाने एका जुन्या कोड्यापासून आरंभ केला. उपवासात शरीराच्या मेदसाठ्यांतून मेदाम्ले मोठ्या प्रमाणावर यकृताकडे येतात, त्यामुळे यकृतातील ट्रायग्लिसराइड कित्येक पटींनी वाढते. असे असूनही रक्तातील ट्रायग्लिसराइड मात्र फारसे हलत नाही. भरलेल्या कोठाराचे दार इतके नेमके कोण आवरते?

२०१७ साली अमेरिकन विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात या गटाने पुढील वर्णन दिले. अन्न घेतलेल्या अवस्थेत इन्सुलिनच्या प्रभावाने एआरएफ-१ हे प्रथिन मेदबिंदूंवर येते आणि त्यामागून कायनेसिन तेथे बसते. कायनेसिन मेदबिंदूंना सूक्ष्मनलिकांवरून पेशीच्या परिघाकडे नेते. तेथे गुळगुळीत आंतर्द्रव्यजालिका असते आणि मेदाचे विघटन करणारी विकरे तिच्यावरच असतात. बिंदू तेथे पोहोचला की विघटन, पुनर्बांधणी आणि स्राव यांची साखळी चालू होते. उपवासात इन्सुलिन घटते, एआरएफ-१ आणि कायनेसिन मेदबिंदूंवरून उतरतात, बिंदू परिघाकडे जाण्याचे मंदावते आणि साठा वाढूनही स्राव आटोक्यात राहतो. याच अभ्यासात आणखी एक निरीक्षण आहे. पेशीतील कायनेसिन घटवले असता हिपॅटायटिस-सी विषाणूची वाढही रोखली गेली, कारण विषाणूच्या प्रथिनांनाही मेदबिंदूंपर्यंत पोहोचावे लागते.

२०१९ साली ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’त याच गटाने पुढची कडी जोडली. इन्सुलिनच्या संदेशाने मेदबिंदूंच्या पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिक आम्ल वाढते आणि त्याच्या योगे कायनेसिन-१ तेथे ओढले जाते. कायनेसिनचा मेदबिंदूंशी होणारा हा संबंध तोडणारा एक लहान पेप्टाइड वापरला असता पेशींतून होणारा ट्रायग्लिसराइडचा स्राव घटला आणि पेशींवर त्याचा दृश्य दुष्परिणाम आढळला नाही. हे प्रयोगशाळेतील कार्य आहे. हा पेप्टाइड म्हणजे रुग्णास द्यावयाचे औषध नव्हे, हे येथे स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

इन्सुलिनचे यकृतावरील कार्य एवढ्या एकाच सूत्रात बांधता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन व्हीएलडीएलचा स्राव काही काळ आवरते, असे मानवावरील प्रयोगांतून पूर्वीपासून ज्ञात आहे. एकच संप्रेरक मेदबिंदूंना विघटनस्थळी पोहोचवते आणि अंतिम स्रावावर तात्पुरता लगामही ठेवते. इन्सुलिनला पेशी दाद देईनाशा झाल्या, म्हणजे स्थौल्य व प्रमेहाच्या रुग्णांत दिसते तशी स्थिती आली, की हा समतोल ढळतो.

मार्ग अडला तर काय होते

या संशोधनाचा चिकित्सकास होणारा मुख्य बोध असा की, रक्तातील मेद आणि यकृतातील मेद हे एकाच मार्गाच्या दोन टोकांवरील आकडे आहेत. एका टोकावर आकडा घटला म्हणजे दुसऱ्या टोकावरही तो घटला असे अनुमान करता येत नाही. याची तीन उदाहरणे वैद्यकात सुपरिचित आहेत.

पहिले उदाहरण औषधाचे. लोमिटापाइड हे औषध व्हीएलडीएलच्या बांधणीसाठी आवश्यक असलेल्या प्रथिनास रोखते. आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलच्या तीव्र प्रकारासाठी अमेरिकेत २०१२ साली त्यास मान्यता मिळाली. त्याने रक्तातील मेद लक्षणीय घटतो, पण यकृतात मेद साठतो. म्हणून ते देताना यकृतावर सतत लक्ष ठेवावे लागते.

दुसरे उदाहरण कुपोषणाचे. मेळघाटातील बालकुपोषण विदर्भास अपरिचित नाही. प्रथिनांच्या अभावाने होणाऱ्या क्वाशिओर्कर या अवस्थेत अंगावर सूज, कृश स्नायू आणि मेदाने वाढलेले यकृत एकत्र दिसतात. मेद वाहून नेण्यास लागणारी प्रथिने पुरेशी तयार होत नाहीत, म्हणून मेद यकृतातच अडकतो, असे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. येथे अतिभोजन नाही, स्थौल्य नाही, तरीही यकृत मेदाने भरले आहे.

तिसरे उदाहरण कोलीन या पोषकद्रव्याच्या अभावाचे. व्हीएलडीएलच्या आवरणासाठी लागणारे फॉस्फोलिपिड कोलीनपासून बनते. ते कमी पडले की स्राव खुंटतो व यकृतात मेद साचतो.

तात्पर्य, यकृतात मेद साठण्यास आवक अधिक होणे हे एक कारण आहे आणि जावक अडणे हे दुसरे. स्थूल रुग्णांत आवकीचेच पारडे जड असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अभ्यासात अशा रुग्णांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइडपैकी सुमारे ५९ टक्के रक्तातील मेदाम्लांपासून, २६ टक्के यकृतातील नवनिर्मितीपासून आणि १५ टक्के प्रत्यक्ष आहारातील मेदापासून आल्याचे आढळले. त्यामुळे तर्रीपोह्यावरची तर्री किंवा सावजी रश्श्यावरचा तवंग तेवढा बंद केला, पण साखर, मैदा, बैठे काम आणि वाढलेले पोट तसेच राहिले, तर यकृताची सुटका होत नाही, हे रुग्णास समजावणे सोपे जाते.

स्रोतस् संकल्पनेशी तुलना आणि तिची मर्यादा

हे वर्णन वाचताना वैद्याच्या मनात स्रोतसांचा विचार येणे स्वाभाविक आहे. परिणाम पावणाऱ्या धातूंचे वहन करणारे ते स्रोतस्, असे चरकाचार्य विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगतात. अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी आणि विमार्गगमन ही स्रोतोदुष्टीची लक्षणेही तेथेच येतात. मेदोवह स्रोतसांच्या दुष्टीची कारणे म्हणून व्यायामाचा अभाव, दिवसा झोपणे, मेद्य पदार्थांचे अतिसेवन आणि वारुणीचे अतिसेवन सांगितली आहेत. ही कारणे आजच्या चयापचयजन्य व मद्यजन्य मेदयुक्त यकृताच्या कारणांशी आश्चर्यकारक रीतीने जुळतात.

तरीही एक विवेक राखला पाहिजे. चरकांनी मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क आणि वपावहन येथे सांगितले आहे, तर सुश्रुतांनी कटी आणि वृक्क. यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे होत. म्हणून ‘सूक्ष्मनलिका म्हणजेच मेदोवह स्रोतस्’ किंवा ‘कायनेसिन म्हणजेच वायू’ असे समीकरण मांडणे ना शास्त्रग्रंथांस धरून आहे, ना प्रयोगास. वहनास स्वतंत्र क्रिया मानणे आणि तिच्या अवरोधास स्वतंत्र विकृती मानणे, ही विचाराची पद्धती दोन्हीकडे समान आहे. साम्य एवढ्यापुरतेच मानावे. शब्दांची अदलाबदल केल्याने आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही. रुग्णपरीक्षणास नवी दिशा मिळाली तरच तुलना सार्थ ठरते.

लंघनाविषयी मात्र एक मुद्दा विशेष विचारार्ह आहे. अतिस्थूलाच्या चिकित्सेत चरकांनी गुरु आणि अपतर्पण अशा आहाराचा उपदेश केला आहे. यव, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ ही द्रव्ये त्यात येतात. मेदाने मार्ग रोखल्याने वायू कोष्ठात संचार करतो व अग्नी प्रदीप्त करतो, म्हणून अशा रुग्णास उपाशी ठेवणे सोपे नाही आणि हितकरही नाही, हा त्यामागील विचार आहे. व्यायाम व जागरणही क्रमाक्रमाने वाढवण्यास सांगितले आहे. कडक उपवासात शरीरातील मेद यकृताकडे धाव घेतो, हे आपण वर पाहिले. अतिवेगाने वजन उतरवल्यास पित्ताश्मरीचा धोका वाढतो, हेही सिद्ध आहे. ज्वारी, कोदो, कुळीथ, मूग यांवर आधारलेला मित आहार आणि दररोजचा व्यायाम यांतून सावकाश साधलेले अपतर्पण अधिक श्रेयस्कर, या निष्कर्षावर दोन्ही विचार येऊन मिळतात.

चिकित्सकांनी ध्यानात घ्यावयाचे मुद्दे

१. केवळ रक्तातील ट्रायग्लिसराइड घटल्यावरून यकृतातील मेद गेला असे रुग्णास सांगू नये. चिकित्सेपूर्वी व नंतर दोन्ही टोकांची तपासणी असावी.

२. सोनोग्राफीच्या मर्यादा ओळखाव्यात. यकृतात मेद साधारण २० ते ३० टक्क्यांहून कमी असल्यास ती तो सहज दाखवत नाही. म्हणून ‘निर्दोष’ शेरा म्हणजे पूर्ण निर्धास्तता नव्हे.

३. रुग्णाचे भवितव्य मेदापेक्षा यकृतातील तंतुमयता अधिक ठरवते. तिचा प्राथमिक अंदाज फिब-४ या गणिताने कोणत्याही चिकित्सालयात घेता येतो. वयास एएसटीने गुणावे. बिंबाणूंची संख्या हजारांत घ्यावी, म्हणजे दोन लाख असल्यास २००, आणि तिला एएलटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकारास दुसऱ्याने भागावे. उदाहरणार्थ, वय ५०, एएसटी ४०, बिंबाणू दोन लाख आणि एएलटी ६४ असल्यास २००० भागिले १६००, म्हणजे १.२५ हे उत्तर येते. १.३ पेक्षा कमी आकडा बहुधा आश्वासक असतो. त्याहून अधिक असल्यास पुढील तपासणीसाठी यकृततज्ज्ञाकडे पाठवावे. पस्तिशीच्या आतील आणि पासष्टीपुढील रुग्णांत हे मान जपून वापरावे.

४. वजन किमान ५ टक्क्यांनी घटले तर यकृतातील मेद घटू लागतो. शोथ घटण्यासाठी ७ ते १० टक्के घट आवश्यक असते. ८० किलोच्या रुग्णास प्रारंभी चार किलोंचे उद्दिष्ट द्यावे. ते त्यास समजते आणि पेलवते.

५. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर घटवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णास लंघन सांगण्यापूर्वी त्याच्या मूळ चिकित्सकाशी विचारविनिमय करावा. रक्तशर्करा एकाएकी घसरून प्राणसंकट ओढवू शकते.

६. कृश रुग्णाच्या यकृतात मेद आढळल्यास लेखन-कर्षणाची घाई करू नये. पोषण, मद्यसेवन, चालू असलेली औषधे यांचा इतिहास बारकाईने घ्यावा. तेथे मार्ग अडला असण्याचा संभव असतो आणि अशा रुग्णास बृंहणाची गरज असू शकते.

औषधनिर्माते व विक्रेते यांच्यासाठी

यकृतविकारांवरील कल्पांना बाजारात मोठी मागणी आहे. कुटकीप्रधान आरोग्यवर्धिनी, भूम्यामलकी, शरपुंखा इत्यादींचे योग दीर्घकाळ व्यवहारात आहेत. परंतु एखादा कल्प मेदाची आवक घटवतो, विघटन वाढवतो, की स्रावावर परिणाम करतो, हे ठरवण्यासाठी रक्त आणि यकृत या दोन्ही ठिकाणची मोजणी लागते. रक्तातील एका आकड्याच्या बळावर ‘यकृतातील चरबी वितळवते’ असे वेष्टनावर छापणे शास्त्रास धरून नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि लठ्ठपणा यांचा समावेश आहे, याचेही स्मरण असावे. वैज्ञानिक परिभाषा वापरून केलेला अतिरंजित दावा हाही शेवटी दावाच असतो.

लांगलीविषयी अधिक दक्षता आवश्यक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची इ (१) मध्ये तिचा समावेश आहे. तिच्यापासून सिद्ध केलेल्या आभ्यंतर प्रयोगाच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाचे आहे अशी सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. गोमूत्रातील शोधनाचा शास्त्रोक्त विधी न करता कच्चा कंद विकणे, किंवा ओळखीच्या ग्राहकास चिठ्ठीविना देणे, यातून जीवितहानी होऊ शकते. शोधन झाले म्हणून द्रव्य निर्विष झाले असेही गृहीत धरू नये. कोल्चिसिनच्या विषबाधेवर सर्वत्र उपलब्ध असा प्रतिविषोपचार नाही. संशयित रुग्णास, आरंभी लक्षणे सौम्य वाटली तरी, विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. गंभीर उपद्रव बहुधा एक-दोन दिवसांनी दिसू लागतात.

उपसंहार

भौतिकशास्त्राच्या एका अभ्यासकाने प्रकाशचिमट्याने एका प्रथिनाचे बल मोजण्यापासून आरंभ केला आणि तो यकृतातील मेदाच्या नियमनापर्यंत येऊन पोहोचला. भोजनानंतर मेदबिंदू परिघाकडे नेले जातात, उपवासात ते वहन मंदावते, आणि या नियमनामुळे यकृत भरलेले असतानाही रक्त सुरक्षित राहते, हे या कार्याचे सार होय. हा शोध म्हणजे अद्याप चिकित्सा नव्हे. पण हाती आलेले दोन अहवाल एकमेकांशी जुळत नसतील, तर त्यांपैकी एक खोटा ठरवण्याऐवजी दोहोंच्या मध्ये काय घडत आहे याचा शोध घ्यावा, एवढी दृष्टी त्यातून निश्चित मिळते. वैद्यबंधुभगिनींनी आपल्या चिकित्सालयातील मेदयुक्त यकृताच्या रुग्णांची वजन, कटिमान, ट्रायग्लिसराइड, सोनोग्राफी आणि फिब-४ यांची आरंभीची व सहा महिन्यांनंतरची नोंद एकाच तक्त्यात ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अशा नोंदी असतील तरच आपल्या कल्पांचे खरे कार्य आपणांस सांगता येईल आणि रुग्णाच्या प्रश्नास प्रामाणिक उत्तर देता येईल.